खैरनार बाईंचं झाड

खैरनार बाईंच्या शोकसभेला गेले आणि दारातच मला धक्का बसला. टेबलावर हार घातलेला जो फोटो होता तो आधार कार्डावरचा. तोच मोठा करून आणलेला. डोळे वटारलेले, दोन्ही कान दिसतायत, केस चापूनचोपून बसवलेले आणि चेहऱ्यावर सगळीकडून सारखा पांढरा उजेड. निवृत्तीनंतरचं सगळं आयुष्य जिनं गळ्यात कॅमेरा अडकवून डोंगर तुडवले, तिचा स्वतःचा एक धड फोटो घरात नसावा? मी तिथेच मुलाला धरलं. तो बिचारा रडवेला होऊन म्हणाला, "मावशी, सगळं शोधलं हो. आईच्या कॉम्प्युटरमध्ये झाडंच झाडं आहेत. आई कुठेच नाही."

मला रडू येत होतं आणि मेलं हसूही येत होतं. कारण लख्ख उन्हात काढलेल्या कुठल्याही फोटोला बाई एकच नाव ठेवायच्या, 'पासपोर्ट फोटो'. "सगळं दिसतं आणि काही कळत नाही," असं म्हणून बाजूला सारायच्या. आणि त्या गेल्या तो दिवसही नेमका तसलाच. आकाशात ढगाचं नाव नाही, वारा नाही, काही नाही. पहाटे झोपेत गेल्या. त्यांना विचारलं असतं तर त्यांनी नक्की दुसरा दिवस मागून घेतला असता.

आम्ही गंगापूर रोडवरच्या एकाच शाळेत होतो. त्या भूगोल शिकवायच्या, मी मराठी. त्या सटाण्याकडच्या, त्यामुळे रागावल्या की त्यांच्या तोंडून अहिराणी फुटायची आणि वर्गातल्या मुली जास्तच घाबरायच्या, कारण काय म्हणतायत ते कळायचं नाही. माझं सासर मखमलाबादचं. आमचा भाजीपाला आणि फुलं, झेंडू, शेवंती. म्हणजे ढग आले की आमच्या घरात कुणाला घास गोड लागत नाही. आणि या बाई! ढग आले की यांच्या चेहऱ्यावर लग्नघरातल्यासारखी कळा. याच एका गोष्टीवरून आमचं पहिलं भांडण झालं आणि त्या भांडणातूनच आमची मैत्री झाली.

झालं असं की, मार्च महिना होता, परीक्षा तोंडावर, आणि भर दुपारी गारा पडायला लागल्या. आम्ही सगळ्या बायका खिडक्या लावायला धावलो. बघते तर खैरनार बाई डोक्यावर घमेलं उपडं धरून मैदानात उभ्या. गारा वेचतायत! थांबल्यावर वर्गात आल्या, टेबलावर गारा ओतल्या आणि ब्लेडनं कापून मुलींना आतली कडी दाखवायला लागल्या. कांद्यासारखे पापुद्रे असतात म्हणे गारेत, ढगात जितक्या वेळा ती वरखाली जाते तितके. मुख्याध्यापिका दारात येऊन कपाळाला हात लावून उभ्या. माझं मात्र डोकंच फिरलं. मी सरळ म्हणाले, आमच्या शेवंतीचा तिकडे चुराडा झाला असेल आणि तुम्ही इथे गारा कापत बसलाय? लाज कशी वाटत नाही?

बाईंनी गारा गोळा करून खिडकीबाहेर टाकल्या. मला वाटलं, आता वर्षभर अबोला. तर संध्याकाळी मळ्यात आमचं माणूस न् माणूस आडवी झालेली झाडं उचलतंय, आणि बांधावरून या येतायत. साडीवर नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट चढवलेला, आपल्याकडच्या बायका द्राक्षाच्या बागेत घालतात तसा, पायात कॅनव्हासचे बूट. अंधार पडेपर्यंत वाकून कामाला. माझ्या सासूबाईंनी विचारलं, ही कोण ग? मी म्हटलं, आमच्या भूगोलाच्या बाई. सासूबाई म्हणाल्या, असल्या मास्तरणी असतात होय!

त्यांचे यजमान लवकर गेले. मुलगा पुण्याला नोकरीला. बाई कधी रडगाणं गायल्या नाहीत, पण यजमानांचे शर्ट मात्र त्यांनी कुणाला दिले नाहीत. तेच घालून पुढे सगळे डोंगर झाले. निवृत्तीच्या वेळी आम्ही वर्गणी काढून पैठणी घ्यायचं ठरवत होतो. बाईंना कुणकुण लागली. स्टाफरूममध्ये येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मला ट्रायपॉड द्या. पैठणी नेसून मी कुठे चढणार आहे?" आता निरोप समारंभात व्यासपीठावर शाल, श्रीफळ आणि ट्रायपॉड! संस्थेच्या अध्यक्षांना ती तीन पायांची वस्तू धरायची कशी तेच कळेना. त्यांनी ती भाल्यासारखी आडवी धरली. अख्खा हॉल हसला. बाई मात्र तिथल्या तिथे त्याचे स्क्रू तपासत होत्या.

मग सुरू झाल्या त्यांच्या वाऱ्या. हो, वाऱ्याच. पेठची एसटी पकडायची, सावळघाट उतरून पुढे एका फाट्यावर उतरायचं, तिथून मिळाली तर जीप, नाही तर पायी. पाड्याचं नाव मी सांगणार नाही. बाईंनी कुणाला सांगितलं नाही, मी कोण सांगणारी? एकदा मलाही ओढून नेलं. मला वाटलं, धबधबा असेल, किल्ला असेल, निदान देऊळ तरी असेल. धापा टाकत वर गेले तर एक काळा खडक. समोर दरी. दरीपलीकडच्या डोंगराच्या धारेवर एक झाड. बस. एवढंच!

ऐनाचं झाड होतं ते. तिकडची माणसं सादडा म्हणतात. मगरीच्या पाठीसारखी भेगाळ साल, आणि एकटंच, धारेच्या अगदी टोकाला, मागे नुसतं आकाश. बाईंनी ट्रायपॉड लावला आणि बसल्या. मी म्हटलं, काढा की फोटो. म्हणाल्या, थांबा, अजून काही झालं नाही. म्हणजे काय व्हायचं होतं? तर हवा पालटायची होती. आम्ही भाकरी-ठेचा खाल्ला, मी एक झोप काढली, उठले तरी बाई तशाच. मग खालून धुकं चढायला लागलं. झाडाचा बुंधा गेला, नुसता शेंडा वर तरंगत राहिला, आणि तेव्हा बाईंनी एकदा, फक्त एकदा, बटण दाबलं. "चला," म्हणाल्या. मी चक्रावले. एवढा दिवस घालवून एक फोटो? आमच्या भाच्याच्या बारशाला फोटोग्राफरनं हजारभर तरी काढले असतील.

त्यांच्या हॉलमध्ये सगळ्या भिंतींवर तेच झाड. उन्हाळी वावटळीतलं, थंडीत दवानं पांढरं पडलेलं, मुसळधार पावसात पुसट झालेलं. माझी जाऊ एकदा बरोबर आली होती. तिनं चहा पिता पिता विचारलं, "एकच फोटो इतक्यांदा का लावलाय हो?" मी जमिनीत गेले. बाईंना मात्र राग आला नाही. उलट उठून त्यांनी तिला एकेक फोटो दाखवला, कुठला महिना, वारा कुठून होता. जाऊबाई घरी येताना म्हणाली, बाई वेड्या आहेत पण चहा चांगला करतात.

माणसांचे फोटो त्या काढत नसत. स्वतःचाही काढू देत नसत. कॅमेरा समोर धरला की पाठ फिरवायच्या. माणूस फोटोसाठी तोंड करतं, म्हणायच्या, झाड करत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येते. एक फोटो राहिला होता. बाईंचा सगळा जीव त्यात अडकला होता. परतीचा पाऊस येतो तेव्हा दुपारनंतर पूर्वेकडून काळाकुट्ट ढग उभा राहतो आणि पश्चिमेला ऊन तसंच असतं. त्या काळ्या भिंतीपुढे, अंगावर ऊन घेतलेलं ते झाड, पानांनी गच्च भरलेलं, असा एक फोटो त्यांना हवा होता. "तो मिळाला की मी सुटले," म्हणायच्या. पण दर वेळी काही ना काही आडवं यायचं. ढग आला तर ऊन नाही. ऊन असलं तर झाडच भुंडं.

झाड भुंडं का, ते आम्हाला एका फेब्रुवारीत कळलं. खडकावर पोचलो आणि बाईंच्या तोंडून किंकाळीच निघाली. झाडावर दोन माणसं चढलेली, हातात कोयते, आणि फांद्या एकेक करून खाली. अर्धं झाड बोडकं झालेलं. बाईंनी आधी काय केलं असेल, तर फोटो काढला. वनखात्याला दाखवायला! आणि मग तो सगळा चढउतार पार करून, दरी उतरून, पलीकडची धार चढून त्या झाडाखाली जाऊन उभ्या राहिल्या. मी मागून लोळत पडत. वर बघून ओरडल्या, "खाले उतरा आधी. मन्हं झाड शे ते."

माझं झाड आहे म्हणे! वरच्या माणसांना अहिराणी कुठली कळतेय? ती कोकणा जमातीची माणसं. पण बाईंचा आवेश बघून एक जण उतरला. काशिनाथ भोये त्याचं नाव, बाईंहून थोडा लहान असेल. झाड त्याच्याच जमिनीत होतं. तो काही चिडला नाही. "बाय, तुम्ही पलीकडच्या खडकावर बसता त्याच ना?" म्हणाला. म्हणजे यांना सगळं ठाऊक होतं! आम्हाला खाली दरीतल्या आपल्या घरी नेलं, कोरा चहा दिला. त्याची बायको यमुनाबाई. तिनं सांगितलं की या फांद्या राबासाठी. म्हणजे भात-नागलीचं रोप जिथे टाकायचं त्या जागी फांद्या, पाला, शेण पसरून वाळवतात आणि पावसाआधी जाळतात. तण मरतं, राख होते, त्यात रोप चांगलं येतं. सादडा त्यासाठी तोडायचाच असतो, परत फुटतो. काशिनाथच्या बापानं हेच झाड तोडलं, आजानं तोडलं.

बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. राब! अहो, सातवीच्या मुलींना या राब शिकवत आलेल्या. फळ्यावर चित्र काढून. आणि डोळ्यांसमोर राबाची फांदी पडली तर वनखात्याकडे निघाल्या. त्यांनी वनखात्याचा विषय काही काढला नाही. पण हट्ट सोडतील त्या खैरनार बाई कसल्या? चहाचा कप खाली ठेवून म्हणाल्या, "बाकीची तोडा. एवढं एक मला सोडा. मला ते भरलेलं बघायचंय."

काशिनाथनं बायकोकडे बघितलं. बायकोनं बाहेर बघितलं. मग तो म्हणाला, बरं. एवढंच. मी वाट बघत होते की आता काही तरी मागतील, अट घालतील. काही नाही. निघताना यमुनाबाईनं आम्हाला वाल दिले, फडक्यात बांधून.

पुढच्या वेळी गेलो तर झाडाच्या बुंध्याशी शेंदूर लावलेला एक दगड. मी विचारलं, हे काय? काशिनाथ म्हणाला, दुसऱ्या पाड्याची माणसं येऊन फांदी तोडतील, म्हणून ठेवला. आता कुणी हात लावत नाय. सगळ्या पाड्यात ते 'बायचं झाड' झालं होतं. बायका सरपणाला जाताना त्याची वाळकी काटकीसुद्धा उचलत नव्हत्या. बाईंना इतका आनंद झाला होता की घरी येताना एसटीत त्या बाजूच्या बाईला झाडाची गोष्ट सांगत बसल्या. मला खरं सांगू, तेव्हा जरा हेवाच वाटला. आमच्या शेवंतीसाठी गारा थांबायला कुणी देव मांडला नव्हता.

झाड वाढत गेलं. दर वर्षी बाई ऑक्टोबरात जाऊन आठ-आठ दिवस काशिनाथच्या पडवीत मुक्काम ठोकायच्या. मीही जायला लागले होते, कारण सून आल्यावर घरात माझं काम संपलं होतं आणि बाईंबरोबर भांडायला मजा यायची. झाडाचा पसारा बघून मी थक्क व्हायचे. बोडका दांडा होता तिथे आता छत्री, छत्री कसली, मंडपच. फांद्या दरीवर झुकलेल्या. यमुनाबाई एकदा वर बघून म्हणाली, "लय माजला सादडा." बाई हसल्या. त्यांना ते कौतुक वाटलं.

आणि मग तो दिवस आला. सकाळपासून उकाडा. दुपारी पूर्वेला ढग उभा राहायला लागला. बाईंनी नुसता त्या बाजूला कान लावला आणि ट्रायपॉड उचलून पळाल्या. मी म्हटलं, अहो जेवण! ऐकतंय कोण. खडकावर पोचलो तेव्हा अर्धं आकाश काळं, निळसर काळं, आणि पश्चिमेकडून ऊन सरळ त्या झाडावर. पान न् पान सोन्यासारखं. वारा पडलेला. मी सुद्धा, जिला ढग दिसला की शेवंती आठवते ती मी, तोंडात बोट घालून बघत राहिले. बाईंनी डोळा कॅमेऱ्याला लावला. त्यांनी बटण दाबलं. एकदा. आणि मग खडकावर खाली बसून ढसाढसा रडल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना रडताना बघितलं. "मिळालं हो, पिंगळे बाई," म्हणाल्या. "मिळालं."

लगेच वीज कडाडली. आम्ही कॅमेरा पोटाशी धरून काशिनाथच्या घराकडे पळत सुटलो. पडवीत पोचतो न पोचतो तोच पाऊस कोसळला. आणि वारा! कौलं उडतील की काय असं वाटत होतं. मी रामरक्षा म्हणत होते. बाई मात्र कोपऱ्यात बसून, ओल्या केसांनी, लहान मुलीसारख्या हसत होत्या. मधेच वरून कुठून तरी एक आवाज आला. कडाड नव्हे, जरा लांबलेला, जड. यमुनाबाईनं चुलीतलं लाकूड हलवायचं थांबवलं. काशिनाथनं मान वर केली. मला वाटलं, वीजच.

पाऊस ओसरला. आम्ही अंगणात आलो. तिथून ती धार दिसते. धारेवर ढग रेंगाळत होता. बाई त्याकडे बघत म्हणाल्या, "अजून ढगात आहे झाड." आम्ही थांबलो. ढग हळूहळू वर सरकला. धार दिसली, दगड दिसले. बाई म्हणाल्या, "डावीकडे बघा, ढग आहे तिथे." तिथे ढग नव्हता. मला दिसत होतं, तिथे काहीच नव्हतं. नुसतं आकाश, स्वच्छ धुतलेलं. आताच तर होतं हो. आताच, घटकाभरापूर्वी, आम्ही दोघी बघत होतो.

आम्ही चौघंही वर गेलो. चिखलात घसरत. झाड मुळासकट उलटून दरीकडे पडलं होतं. मुळं आकाशात, त्यांना लाल माती लगडलेली. शेंदराचा दगड दूर फेकला गेलेला. ती सगळी पानं, मघाशी उन्हात लखलखणारी, चिखलात पालथी. बाई जवळ गेल्या नाहीत. लांबच उभ्या राहिल्या. यमुनाबाई आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "लय माजला होता." काशिनाथनं तिला डोळ्यांनी गप्प केलं.

पण बाईंनी ऐकलं होतं. त्या वळल्या. आवाज अगदी वर्गातला.

"काशीदादा, फांद्या तोडत राहिला असता तर पडलं असतं का?"

"वाऱ्याचं काय सांगावं, बाय."

"मला वाऱ्याचं नका सांगू. झाडाचं सांगा."

त्यानं पायाचा चिखल दगडावर पुसला. मग म्हणाला, "नाय. नसतं पडलं."

"मग मला बोलला का नाहीत?"

काशिनाथला खरोखरच आश्चर्य वाटलं. त्यानं वर बघितलं आणि म्हणाला, "तुम्ही मागितलं होतं ना, बाय."

राग नव्हता त्या आवाजात, टोमणा नव्हता. पाहुणीनं मागितलं, आम्ही दिलं, त्यात बोलायचं काय, एवढंच होतं. बाईंनी कमरेचा पदर काढून परत खोचला. का, ते त्यांनाही ठाऊक नसावं. मग म्हणाल्या, "मी पाडलं हे." मी म्हटलं, अहो असं काय बोलता, वादळ होतं. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मी पुढचं गिळून टाकलं.

घरी पोचल्यावर बाईंनी आठवडाभर फोन उचलला नाही. मी गेले तर हॉलच्या भिंती रिकाम्या, नुसते खिळे. फोटो कुठेत म्हणून विचारलं तर म्हणाल्या, माळ्यावर. तो शेवटचा फोटो मात्र त्यांनी मोठा करून आणला होता आणि कागदात गुंडाळून ठेवला होता. माझ्या हातात दिला. "तुमच्याकडे असू द्या. फेकवत नाही आणि माझ्या घरात नको." आजही तो माझ्या बैठकीत आहे. येणारा जाणारा म्हणतो, वा, काय झाड आहे हो! आणि मला दर वेळी तो जड आवाज ऐकू येतो. बरं, हे सांगायचं कुणाला? मी चहा टाकायला आत जाते.

मला वाटलं, संपलं. बाई आता काही डोंगरात जात नाहीत. पण थंडी सरत आली आणि एक दिवस त्यांचा फोन. काशिनाथच्या पोरानं कळवलं होतं की झाड अजून तसंच पडून आहे. पाला वाळला, फांद्या वाळल्या, पण पाड्यातलं एक माणूस हात लावत नव्हतं. बायचं झाड! त्यात यंदा आसपासचे सादडे मागच्याच वर्षी तोडलेले, राबाला फांद्यांची ओढाताण. आणि समोर एवढा ढीग वाळत पडलेला, पण बाईंनी सांगितल्याशिवाय न्यायचा कसा? बाई फोनवर म्हणाल्या, "उद्या निघायचं. कॅमेरा तुम्ही घ्या, माझे हात मोकळे पाहिजेत."

गेलो. बाईंनी झाडापाशी जाऊन पहिली फांदी स्वतः ओढून बाहेर काढली, तेव्हा कुठे बाकीच्यांनी कोयते काढले. दिवसभर काम चाललं. पुरुष तोडत होते, बायका भारे बांधून उतारावरून राबाच्या जागेत नेत होत्या. बाईंना सगळे नको नको म्हणत होते, त्यांनी चुंबळ मागून घेतली. वयाच्या मानानं काय ते अंग, पण वाकतील तर शपथ. मी एका दगडावर बसून त्यांच्या नावानं बोटं मोडत होते, की उद्या कंबर धरली म्हणजे तेल चोळायला मलाच यावं लागणार.

दुपार कलली आणि हवा पालटली. अवकाळी. आधी एक गार झुळूक आली. वळून बघितलं तर धारेमागे काळी भिंत उभी राहत होती. तीच. तशीच निळसर काळी, आणि पश्चिमेकडून ऊन तसंच सरळ धारेवर. झाड नव्हतं तिथे. पण त्या रिकाम्या धारेवरून, काळ्या आकाशापुढे, डोक्यावर सादड्याच्या फांद्यांचा भला मोठा भारा घेतलेली एक बाई झपझप उतरत होती. अंगात नवऱ्याचा शर्ट, बाह्या दुमडलेल्या. वाळकी पानं उन्हात पेटल्यासारखी. दुरून भारा दिसत होता आणि खाली दोन पाय. क्षणभर मला वाटलं, झाडच चालत येतंय.

जन्मात कधी फोटो न काढलेली मी, माझा हात आपोआप कॅमेऱ्याकडे गेला. आणि मी हाक मारली, "खैरनार बाई, थांबा, मागे बघा, ढग बघा!"

आयुष्यभर जिनं एक ढग नजरेतून सुटू दिला नाही, तिनं मान वळवली नाही. भारा सावरत, न थांबता, माझ्या अंगावर ओरडल्या, "ढग काय बघता, पिंगळे बाई? राब भिजंल ना! ठेवा ते आणि भारा उचला."

आणि तशाच पुढे, माझ्या समोरून खाली उतरत गेल्या. मी कॅमेरा दगडावर ठेवला आणि भारा उचलला.